के-जेट्रॉनिकचा स्क्रू सगळ्यात शेवटी

के-जेट्रॉनिक ही बॉशची जुनी पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम. ती असलेली जुनी गोल्फ जीटीआय आयडलवर, म्हणजे उभ्या उभ्या, पाय न लावता चालू असताना, धापा टाकायला लागली की मालकाचा हात हमखास एकाच ठिकाणी जातो. एअर मीटर आणि फ्युएल डिस्ट्रिब्युटर यांच्या मधल्या भोकात लांब ॲलन की घालायची आणि मिश्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू फिरवायचा. गाडी जरा सुधारते, मग आठवड्याभरात पुन्हा तेच. असं पाच मालकांनी केलं की सहाव्याच्या हाती येते ती गाडी माझ्या गाडीसारखी असते: त्या भोकाचं बूच हरवलेलं, स्क्रू भलतीकडे, आणि खरं दुखणं जिथल्या तिथे.

माझी गोल्फ 1980ची आहे, 1.6 लिटर, 110 पीएस. मी चाकणहून नोकरीनिमित्त इकडे वोल्फ्सबुर्गकडे आले आणि ब्राउनश्वाइगमध्ये घर केलं. ज्या गावात ही गाडी जन्माला आली त्याच्या शेजारी राहायचं आणि ती दुसऱ्याकडून ट्यून करून घ्यायची, हे मनाला पटेना. जर्मनीतले बरेच मराठी लोक आता तीस वर्षांवरच्या गाड्या घेऊन एच-नंबरप्लेट (ऐतिहासिक गाड्यांची) लावतात आणि मग मला फोन करतात. त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. क्रम मात्र पाळा. या सिस्टिममध्ये क्रम हीच अर्धी दुरुस्ती आहे.

आधी हे काय चीज आहे ते

बॉशची के-जेट्रॉनिक 1973मध्ये पोर्शे 911वर आली आणि गोल्फ जीटीआयवर 1976पासून. तिच्यात मेंदू नावाचा भाग नाही. पेट्रोलपंप विजेवर चालतो, पण किती पेट्रोल द्यायचं हा हिशेब निव्वळ यांत्रिक आहे. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका नरसाळ्यातली गोल तबकडी वर उचलते. तबकडी एका दांडीच्या टोकाला आहे. दांडी फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलते. प्लंजर जितका वर, तितक्या प्रत्येक सिलिंडरसाठीच्या बारीक उभ्या फटी उघड्या. चारही इंजेक्टर इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत राहतात. उघड-मीट असा प्रकारच नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. प्लंजरच्या डोक्यावर पेट्रोलचाच दाब असतो, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात, आणि तो ठरवतो वॉर्म-अप रेग्युलेटर. हा दाब कमी असला की तबकडी सहज उचलली जाते आणि मिश्चर रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. दाब जास्त असला की तीच हवा तबकडीला कमी उचलते आणि मिश्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिन थंड असताना रेग्युलेटर दाब कमी ठेवतो, मग आतली बायमेटलची पट्टी विजेने तापते आणि दाब चढत जातो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आणि मिश्चरचा स्क्रू काय करतो? तो फक्त दांडी आणि प्लंजर यांच्यातलं नातं थोडं सरकवतो. त्याचा परिणाम आयडलला सर्वांत जास्त जाणवतो. आयडल ठीक असूनही चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी मरगळत असेल, तर ते काम स्क्रूचं नाही, दाबाचं आहे.

इंजेक्शनच्या आधी इंजिन

व्हॉल्व्हचा गॅप, इग्निशन टायमिंग, प्लग, कॉम्प्रेशन. हे नीट नसेल तर पुढे जाऊ नका. या इंजिनात गरम असताना इनलेटचा गॅप 0.20 ते 0.30 मिमी आणि एक्झॉस्टचा 0.40 ते 0.50 मिमी, शिम (पातळ चकती) बदलून बसवायचा. ऑइलही बदला. पेट्रोल मिसळलेल्या जुन्या ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये येते आणि धुरातल्या सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा फसवा दाखवते. पेट्रोल फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर तोही बदला.

सुरक्षिततेबद्दल एकदाच सांगते. या नळ्यांमध्ये पाच बारच्या आसपास दाबाखाली पेट्रोल आहे. कोणताही बॅन्जो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) सोडताना त्यावर फडकं गुंडाळा आणि हळूहळू ढिला करा. गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी, आणि हिवाळ्यात कितीही गारठा असला तरी गॅसचा हीटर बंद. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. जुने पुन्हा लावून केलेली बचत गळतीत जाते.

चोरटी हवा

निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथेच असतं असं माझं मत आहे. तबकडीला टाळून इंजिनात शिरलेली हवा मोजलीच जात नाही. हवा आली, तिच्या वाटणीचं पेट्रोल आलं नाही. आयडल लटपटतं, मालक स्क्रू फिरवून रिच करतो, आणि मग जास्त वेगात गाडी पेट्रोल पिते.

पहिली चाचणी फुकटातली आहे. गरम इंजिन आयडलवर ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. आयडल स्पष्ट बिघडलं पाहिजे, कधी गाडी बंदही पडेल. काहीच फरक पडला नाही तर समजा की आधीच कुठून तरी भरपूर हवा शिरते आहे. डिपस्टिकचं रबर, ऑइलच्या झाकणाचं गॅस्केट हेसुद्धा या सिस्टिमचे भाग आहेत. कार्ब्युरेटरवाल्यांना हे खरं वाटत नाही.

मग एकेक जागा बघा. तबकडीवरचा मोठा रबरी बूट काढून हातात घ्या आणि घड्या उलगडून आतून पाहा. तडे नेहमी खालच्या अंगाला, घडीच्या तळाशी असतात. गाडीवर बसलेला असताना तो नव्यासारखा दिसतो. ब्रेक बूस्टरची नळी, ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हच्या (थंड इंजिनला जादा हवा देणाऱ्या) दोन नळ्या, कोल्ड स्टार्ट इंजेक्टरचं गॅस्केट, थ्रॉटलची दांडी. आणि सर्वांत जास्त गुन्हेगार: चार इंजेक्टरांचे ओ-रिंग. इंजेक्टर सिलिंडर हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, त्याला धरून ठेवतं फक्त ते रबर. चाळीस वर्षं तापून ते बांगडीसारखं टणक होतं. इंजेक्टर बोटांनी गरगर फिरत असेल तर ओ-रिंग गेली. ज्या प्लॅस्टिकच्या बाहीत तो बसतो ती बाहीही ढिली झालेली असू शकते, तीही तपासा. नव्या ओ-रिंग पेट्रोलने ओल्या करून मगच दाबा, नाहीतर कापल्या जातात. किंमत किरकोळ असते. यासाठी लोकांनी अख्खे फ्युएल डिस्ट्रिब्युटर बदललेले मी पाहिले आहेत.

गरम इंजिनवर ब्रेक क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी सवय सोडा. मी इनटेकचं तोंड बंद करते, थ्रॉटल उघडा अडकवते, बूस्टरच्या नळीतून अगदी कमी दाबाची हवा सोडते आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावते. जिथे बुडबुडे, तिथे काम. सायलेन्सरमधून थोडी फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका; एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात.

तबकडी आणि प्लंजर

बूट काढलेलाच आहे तर तबकडी बघून घ्या. ती नरसाळ्याच्या अगदी मध्ये असली पाहिजे, कुठेही घासता कामा नये. मधला बोल्ट ढिला करा, 0.10 मिमीचं फिलर गेज कडेने फिरवा, सगळीकडे सारखं गेलं की बोल्ट आवळा. मग तिची विश्रांतीची उंची. तबकडीची वरची कड नरसाळ्याच्या सर्वांत अरुंद भागाच्या खालच्या कडेशी समतल हवी, फार तर अर्धा मिलिमीटर खाली. फरक असेल तर खालची तारेची क्लिप किंचित वाकवून उंची जुळवतात. ती वर राहिली तर गाडी बंद केल्यावरही पेट्रोलची फट उघडी राहू शकते.

आता हाताची परीक्षा. पंप रिलेच्या जागी 30 आणि 87 या टर्मिनलांमध्ये फ्यूज लावलेली वायर घालून पंप काही सेकंद चालवा आणि बंद करा. मग मॅग्नेटने तबकडी हळू वर उचला. वरपर्यंत सारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. मग झटकन खाली दाबा. खाली जाताना विरोध जवळजवळ नसावा, कारण दांडी आणि प्लंजर एकमेकांना बांधलेले नाहीत. प्लंजर आपल्या गतीने मागून येतो. दोन्ही दिशांना जड असेल तर दांडी किंवा तबकडी अडकते आहे. वर जाताना जड आणि खाली मोकळी असेल तर प्लंजर चिकटला आहे.

एक गोष्ट अजिबात करू नका: इंजेक्टर इंजिनात बसलेले असताना आणि पंप चालू असताना तबकडी उचलू नका. चारही सिलिंडर पेट्रोलने भरतील.

प्लंजर चिकटतो तो बहुतेक वेळा गाडी वर्षानुवर्षं उभी राहिल्यामुळे. डिस्ट्रिब्युटर वरच्या स्क्रूंनी एअर मीटरवर बसलेला असतो. तो उचलताना एक हात खाली ठेवा, कारण प्लंजर सुटा असतो आणि तो नेमका फरशीवर पडतो. बोटाच्या पेराएवढी पोलादी कांडी, मधे खाच. माझ्या गाडीतल्या कांडीवर जुन्या पेट्रोलचा तपकिरी, पारदर्शक थर होता, नखाने खरवडला तरी न निघणारा. अशा वेळी पॉलिश पेपर हातातसुद्धा घेऊ नका. कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, तलम कापडाने पुसा, पुन्हा बुडवा. प्लंजर आणि त्याचा सिलिंडर जोडीने बनवलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही आणि ओरखडा पडला तर अख्खा डिस्ट्रिब्युटर बाद. स्वच्छ झाल्यावर तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकला पाहिजे.

गेजशिवाय पुढे जाऊ नका

या सिस्टिमसाठी व्हॉल्व्ह असलेलं प्रेशर गेज मिळतं. महाग वाटलं तर क्लबमधून उसनं घ्या, पण त्याशिवाय ट्यूनिंग म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. गेज डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वरच्या नळीत, म्हणजे डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामध्ये जोडायचं. व्हॉल्व्ह रेग्युलेटरच्या बाजूला ठेवून जोडा.

व्हॉल्व्ह बंद केला की दिसतं सिस्टिम प्रेशर. माझ्या गाडीला ते 4.5 ते 5.2 बार हवं. कमी असेल तर आधी पंप, फिल्टर, टाकीतली जाळी बघा. ते ठीक असतील तर डिस्ट्रिब्युटरच्या प्रेशर व्हॉल्व्हमधली शिम बदलायची, 0.1 मिमीच्या शिमने साधारण 0.06 बार फरक पडतो.

व्हॉल्व्ह उघडला की दिसतं कंट्रोल प्रेशर. हे दोनदा मोजायचं. एकदा रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर, रेग्युलेटरचा प्लग काढून ठेवून. किती यायला हवं ते त्या दिवसाच्या तापमानावर आणि रेग्युलेटरवर कोरलेल्या नंबरावर अवलंबून असतं, त्याचा आलेख दुरुस्ती-पुस्तकात असतो. मग प्लग लावा आणि थांबा. काटा काही मिनिटांत हळूहळू चढून 3.4 ते 3.8 बारवर स्थिरावला पाहिजे. चढलाच नाही तर प्लगमध्ये 12 व्होल्ट येतात का आणि आतली हीटरची तार तुटली आहे का, हे मल्टिमीटरने बघा. थंडीत उत्तम आणि गरम झाल्यावर काळा धूर, याचं कारण बहुधा हेच.

थंड दाबच वर असेल, म्हणजे सकाळी गाडी सुरू होऊन लगेच मरत असेल, तर आधी रेग्युलेटरच्या परतीच्या वाटेत कचरा अडकला आहे का ते बघा. काही जण रेग्युलेटरमधली दाबून बसवलेली खुंटी हातोडीने ठोकून दाब बदलतात. त्याने दाब कमी होतो, पण जास्त ठोकली तर ती परत आणायला रेग्युलेटर उघडावा लागतो. मी ते दाब मोजत, अगदी हलक्या ठोक्यांनी करते. ज्याच्याकडे गेज नाही त्याने हातोडीला हात लावू नये.

शेवटी पंप बंद करून काटा बघत बसा. दाब एका पायरीने उतरेल, मग तिथे टिकला पाहिजे. धाडकन शून्यावर गेला तर गरम गाडी पेट्रोल भरून परत सुरू करताना का रुसते ते कळलं: नळ्यांमध्ये पेट्रोलची वाफ होते. संशयित चार: पंपाचा चेक व्हॉल्व्ह, पंपाजवळचा अ‍ॅक्युम्युलेटर (दाब धरून ठेवणारा डबा), ठिबकणारा इंजेक्टर, आणि सिस्टिम प्रेशर व्हॉल्व्हची ओ-रिंग.

चार नळ्या, चार बाटल्या

इंजेक्टर नाहीतरी ओ-रिंगसाठी बाहेर येणारच आहेत. नळ्या न सोडता ते चार सारख्या मापपात्रांत सोडा, पंप चालू करा, तबकडी थोडी उचलून धरा. प्रत्येकातून बारीक धुक्यासारखा शंकू निघाला पाहिजे, किर्र आवाजासह. पिचकारीसारखी सरळ धार येत असेल तर इंजेक्टर बाद. मग तबकडी खाली सोडा, पंप चालूच ठेवा आणि मिनिटभर टोकांकडे बघा. थेंब लोंबता कामा नये.

आता पातळी जुळवा. माझ्या तिसऱ्या मापपात्रात पेट्रोल दिसेल इतकं कमी होतं. अशा वेळी त्या नळीवरचा इंजेक्टर शेजारच्या नळीवर लावायचा आणि पुन्हा मोजायचं. कमतरता इंजेक्टरबरोबर गेली तर इंजेक्टर बदला. त्याच नळीवर राहिली तर डिस्ट्रिब्युटरची ती फट घाण आहे. माझी इंजेक्टरबरोबर गेली, आणि एका नव्या इंजेक्टरवर भागलं. ही चाचणी थोडी उचललेल्या आणि पूर्ण उचललेल्या अशा दोन्ही उंचींवर करा. कमी प्रवाहावर सारखे वाटणारे चौघे पूर्ण प्रवाहावर वेगळे निघतात, आणि उलटही होतं.

आता स्क्रू

सगळं जोडलं, गाडी फिरवून आणली, ऑइल 80 अंशांवर गेलं. रेडिएटरचा पंखा फिरत नसताना, दिवे बंद ठेवून सुरुवात करा. ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला आहे ना हे त्याची नळी चिमटीत दाबून बघा. गरम इंजिनचं आयडल पडता कामा नये.

आधी आयडल. थ्रॉटल बॉडीवरच्या बायपास स्क्रूने 900 ते 1000 आरपीएम. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फॅक्टरीत बसवलेला असतो, तो विसरून जा. मग सीओ मीटर सायलेन्सरमध्ये. आकडा इंजिनच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असेल तो घ्या. या गाड्यांना साधारण 1 ते 2 टक्क्यांमध्ये असतो. वाइडबँड सेन्सर असेल तर आयडलला लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) 0.96च्या आसपास बघा.

लांब 3 मिमीची ॲलन की भोकात घाला, स्क्रूत बसली की हाताचं वजन तिच्यावर टाकू नका, इंजिन लगेच बंद पडेल. घड्याळाच्या दिशेने रिच, उलट लीन. एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंही फिरवू नका. की बाहेर काढा, भोकावर बूच किंवा बोट ठेवा, एकदा रेस द्या, आयडल बसू द्या, मग आकडा वाचा. की आत असताना रेस देऊ नका. दांडी वर येऊन कीवर आदळते आणि वाकते. मी आधी लीनकडे जाते आणि शेवटचं वळण नेहमी रिचकडचं ठेवते, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. सीओ बदलला की आयडल बदलतं, म्हणून दोन्ही आलटून पालटून.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मेकॅनिक मीटरला नाक मुरडतात. ते सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरून ऐकतात आणि सांगतात, रिच आहे. मीटर बऱ्याचदा त्यांच्याशी सहमत असतो. पण टीयूव्हीवाले, म्हणजे गाड्यांची तपासणी करणारे, कागद मीटरचा मागतात.

पेट्रोलबद्दल. जर्मनीत 2011पासून ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्चर थोडं लीन होतं, आणि ही सिस्टिम ते स्वतःहून भरून काढत नाही. म्हणून ज्या पेट्रोलवर गाडी चालवणार तेच टाकीत भरून ट्यून करा. हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मी सुपर प्लसने टाकी काठोकाठ भरते.

पुण्यातून मर्सिडीज 230 ईबद्दल विचारणाऱ्यांसाठी: सिस्टिम तीच आहे, पण त्यात हवा वरून खाली जाते, म्हणून तबकडी उचलायची नाही, दाबायची. दाबाचे आकडेही वेगळे, ते त्या इंजिनच्या पुस्तकातून घ्या. आणि तिकडे आता ई20 असल्यामुळे जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग आधी बदला, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी धरतं आणि गंज चढतो तो नेमका प्लंजरवर.

ट्यून झालं की भोकाला नवं बूच ठोका. थंड दाब, गरम दाब, सिस्टिम प्रेशर, सीओ आणि त्या दिवसाचं तापमान एका कागदावर लिहून सर्व्हिस बुकात ठेवा. पुढच्या वेळी गाडी बिघडली की आधी तो कागद काढा आणि गेज जोडा.